पाचवी बरणी

थोरल्याला त्या रविवारी बरेच काही मिळायचे होते. आईची सही झाली की घर तारण पडणार, घर तारण पडले की कर्ज मंजूर होणार, कर्ज हातात आले की वखारीत नवे करवतयंत्र येणार, आणि यंत्र आले की वडील जाऊन सात वर्षे झाली तरी ‘म्हाताऱ्याची वखार’ म्हणूनच ओळखली जाणारी ती जागा एकदाची त्याची होणार. याखेरीज धाकट्या भावाच्या बायकोने सगळ्यांसमोर माफी मागायची, असेही ठरले होते. ही वसुली त्याने कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. पण सकाळी दाढी करताना तो गुणगुणत होता, आणि यंत्रासाठी माणूस तसा गुणगुणत नाही.

आक्का पहिल्या बसने आली. लग्न होऊन वीस वर्षे झाली तरी माहेरच्या भांडणाला ती कधी उशिरा पोचली नव्हती. तिचीही कागदावर सही लागणार होती. मत मात्र तिने न मागता आणले होते.

“कुठंय ती?” चपला काढता काढता तिने विचारले.

“आत. भाजी निवडतेय,” आई म्हणाली.

“निवडू दे. निवडायची सवय आहेच तिला. बरोबर आपलंच घर निवडलं.”

पुढच्या खोलीत पंखा फिरत होता. टेबलावर बँकेचे कागद होते, त्यांवर वजन म्हणून आईचा चष्म्याचा डबा. धाकटा दाराशी उभा राहून नखांतले काळे तेल काडीने काढत होता. तो पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करी आणि घरातल्या भांडणात पडत नसे. त्याच्या मते यंत्राला निदान कुठे दुखते ते सांगता तरी येते.

“दुपारी फूटपट्टी येणार,” थोरल्याने सांगितले. फूटपट्टी म्हणजे लाकडाचा व्यापारी. खिशात घडीची पट्टी घेऊन फिरे आणि बोलताना समोरचे टेबल, खिडकी, जे दिसेल ते मोजी. कर्जाला जामीन तोच राहणार होता. “त्यानं स्पष्ट सांगितलंय. तुमच्या भावजयीनं माझ्यासमोर म्हणावं, की ते उदाहरण बनवलेलं होतं. म्हणाली, तर मी सही करतो. नाही म्हणाली, तर तुमचं तुम्ही बघा.”

“म्हणेल ना,” आक्का म्हणाली. “न म्हणून सांगते कुणाला.”

*

उदाहरण बनवलेले नव्हते, हीच तर अडचण होती.

शिवाराच्या टोकाला जॅमचा कारखाना होता. दोघी जावा तिथेच कामाला. थोरली वजनाच्या काट्यावर, धाकटी झाकणे बसवायच्या पट्ट्यावर. शनिवारी पगार हातात पडे आणि बायका घरी पोचेपर्यंत त्यातला निम्मा कुणाकुणाच्या नावे लागलेला असे. वर्षभरापूर्वी धाकटीने पगारानंतर तासभर बायकांना थांबवायला सुरुवात केली. पालथ्या क्रेटवर बसायचे, मध्ये पाच बरण्या. बरण्या कारखान्याच्याच, काठ फुटले म्हणून बाजूला काढलेल्या. बिया फळांच्या, धुऊन वाळवलेल्या. शंभराला एक बी. पहिली बरणी घरखर्चाची, दुसरी औषधपाण्याची, तिसरी शाळेची, चौथी देण्याची. लिहिता न येणाऱ्या बाईलाही आपला महिना डोळ्यांनी दिसे, आणि एकदा दिसला की घरी जाऊन ती नवऱ्याला विचारायच्या आधी किराणावाल्याला विचारू लागे. चार-पाच घरांत दुकानदाराकडची उधारी थांबली होती. दोघींनी दवाखान्यासाठी पैसे बाजूला ठेवले होते आणि त्यांतल्या एकीला ते खरेच लागले होते.

पाचवी बरणी धाकटीने मागाहून आणली. ‘न विचारता गेलेले’ हे तिचे नाव. म्हणजे बाईच्या हातातून तिला न विचारता कुणी काढून नेलेले. ती बरणी कित्येक शनिवार रिकामी राहिली. बायका चारही बरण्या भरत, उरलेल्या बिया मुठीत धरून बसत आणि म्हणत, “या असतील इकडंतिकडं.”

“इकडं म्हणजे कुठं आणि तिकडं म्हणजे कुठं, ते कळलं तर आपण इथं बसलोय,” धाकटी म्हणाली. “बरं, तुमची राहू द्या. आमचं घर घ्या.”

आणि तिने आपले घर क्रेटवर मांडले. स्वतःच्या सत्तर बिया. नवऱ्याच्या नव्वद. वखारीतून थोरला दर महिन्याला आईच्या हातात देतो त्या साठ. जाऊबाईच्या ऐंशी.

“ताई, तुमच्या तुम्ही टाका.”

थोरलीने मुलीच्या शाळेच्या बरणीत बावीस बिया टाकल्या आणि तिचा हात थांबला. अठ्ठावन्न मांडीवरच राहिल्या.

“या कुठं जातात, ताई?”

थोरली बोलली नाही. सगळ्या बायका बघत होत्या. धाकटीला वाटले, हीच ती वेळ. तिने जावेच्या मांडीवरून बिया ओंजळीत घेतल्या आणि पाचव्या बरणीत ओतल्या. फुटक्या काचेवर त्यांचा बराच आवाज झाला.

त्यानंतर मात्र बरणी रिकामी राहिली नाही. फळे निवडणाऱ्या बाईने टाकल्या. रात्रपाळीच्या स्वयंपाकिणीने टाकल्या आणि डोळे पुसले. शिकवण्याच्या दृष्टीने तो वर्षातला सर्वांत चांगला तास होता. सोमवारपर्यंत फूटपट्टीच्या मेहुणीने, जी लेबले चिकटवते, तो घरी नेला: वखारवाला बायकोचा पगार काढून घेतो, आणि वखार त्याच्यावरच चालते.

*

“ये, बस,” थोरला म्हणाला.

धाकटी ओले हात पदराला पुसत आली आणि बसली नाही.

“मी चोर आहे का?”

“दादा, मी तसं म्हटलं नाही.”

“म्हटलं नाहीस. बरणीत ओतलंस. वीस बायकांसमोर. आता बाजारात मी सुटे मागितले तर लोक बायकोच्या पर्सकडे बघतात.”

“बघतात खरं,” आक्का म्हणाली. “आमच्या गावापर्यंत आलंय.”

“तुमच्या गावाला दुसरा उद्योग नाही, आक्का.”

“उद्योग तू पुरवलास.”

आई मध्ये पडली. “तुझ्या तासाला मी कधी नाही म्हटलं का गं? शनिवारी तू उशिरा येतेस, भाकरी मी थापते. बायकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतेस, सांग. पण घराचं घरात ठेवावं. हा दर महिन्याला पहिल्या तारखेला माझ्या हातात पैसे ठेवतो. एक महिना चुकला नाही. तुझ्या नवऱ्याचे कधी येतात, कधी गिऱ्हाइकानं बुडवले म्हणून येत नाहीत.”

धाकट्याची काडी मोडली. हे वाक्य त्याने पहिल्यांदा ऐकले नव्हते. दोन वर्षांपूर्वी वेल्डिंगच्या यंत्रासाठी त्याने आईकडे थोडे मागितले, तेव्हाही ऐकले होते: भावाकडून शीक. शिकण्यासाठी तो एकदा वखारीत जाऊन बसलाही होता. दिवसभरात तीन गिऱ्हाइके आली, त्यांतले एक पाणी प्यायला. महिनाअखेर पैसे कुठून येतात ते त्याला समजले नाही, आणि आपल्याला धंद्यातले कळत नाही एवढेच समजून तो परत आला.

“आई, वखारीचं मला माहीत नाही,” धाकटी म्हणाली. “पण घरात येतं किती आणि जातं किती, ते मला पाठ आहे. ताईंच्या पगाराचा मेळ बसत नाही. अठ्ठावन्नशे. दर महिन्याला. त्यांच्या अंगावर नवं लुगडं नाही, पायात चप्पल शिवलेली आहे. मग मी काय समजायचं?”

“विचारायचं,” थोरला म्हणाला.

“विचारलं होतं. त्या बोलल्या नाहीत.”

“मग आता विचारू.” तो आतल्या दाराकडे वळला. “अगं, बाहेर ये.”

थोरली आली. उंच, सावकाश चालणारी बाई. काट्यावर काम करून करून कुठलीही गोष्ट ठेवताना हात हलका सोडायची सवय लागलेली. तिने चहाचे कप टेबलावर ठेवले, कागदांपासून लांब.

“सांग सगळ्यांना. मी तुझा पगार कधी घेतला?”

“नाही.”

“कधी मागितला?”

“नाही. एकदाही नाही.”

“तुला न विचारता काढला?”

“यांनी माझ्या पैशाला हात लावलेला नाही,” थोरली म्हणाली. आवाज स्पष्ट होता आणि त्यात खोटे नव्हते. खोटे असते तर धाकटीला ते कळले असते. ती जावेला अकरा वर्षे ओळखत होती.

“झालं?” आक्का म्हणाली.

झालेच होते. धाकटीने नवऱ्याकडे पाहिले तर तो जमिनीकडे बघत होता. “चुकलं असेल तुझं,” तो हळूच म्हणाला. “माफी माग आणि संपव. माझी आई आहे, भाऊ आहे. रोज तोंड दाखवायचंय.”

धाकटी उभ्या उभ्या आपला हिशेब पुन्हा करत होती. तिला हरण्याचे इतके वाटले नाही. तिला आठवले ते स्वयंपाकिणीचे डोळे पुसणे. फूटपट्टीसमोर ‘ते बनवलेलं होतं’ म्हणायचे, म्हणजे पुढच्या शनिवारी तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघायचे? पण ज्या माणसाने घेतले नाही, त्याच्यावर घेतल्याचा आळ घातला होता, आणि तोही दुसऱ्या बाईच्या मांडीवरून बिया उचलून. तिला न विचारता. हे ध्यानात आले तेव्हा धाकटीचे कान तापले.

“दादा, माझी चूक झाली,” ती म्हणाली. “मी ताईंना विचारायला हवं होतं आणि त्या बोलेपर्यंत थांबायला हवं होतं. ते व्यापारी आले की त्यांच्यासमोरही म्हणते.”

“बनवलेलं होतं म्हणायचं.”

“तेही म्हणेन.”

थोरल्याने मान हलवली. त्याला वाटले होते त्यापेक्षा ही वसुली लवकर झाली होती आणि तिची चवही थोडी कमीच निघाली.

*

आईने चष्मा लावला.

सही करायला तिला वेळ लागे. प्रत्येक अक्षर ती वेगळे काढी आणि मग ओळीत उभे करी. हे घर नवऱ्याने बांधले तेव्हा विटा तिने वाहिल्या होत्या, आणि तो गेल्यावर ते तिच्या नावावर झाले तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली होती. आपल्या नावावर काही असले की ते कुणीतरी मागणार. थोरल्याने मागितले ते चांगल्या कारणासाठी. पोरगा बापाहून हुशार निघाला. बाप असताना वखारीची उधारी कधी वसूल झाली नाही, याच्या काळात गिऱ्हाइके पैसे पाठवून देतात. शाळेची बाके बनवणाऱ्या कंत्राटदाराने जुनी थकलेली रक्कम पाठवली, त्या महिन्यात थोरल्याने आईसाठी हा पंखा आणला होता. उन्हाळाभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला पंखा दाखवत होती.

“कुठं करू?”

“इथं. आणि मागच्या पानावर.”

तिने पेन टेकवले.

थोरली कप उचलत होती. तिने सासूच्या हाताकडे पाहिले. घराचे वजन काट्यावर कसे लागेल, असा काहीतरी विचार तिच्या मनात आला. एवढे दिवस तिने एकच गोष्ट सांभाळली होती, की नवऱ्याने ताटावरून अर्धपोटी उठू नये. सुरुवात अगदी साधी झाली होती. सासरे गेले, जुन्या यंत्राचा पट्टा तुटला, उधारी येईना. करवत्याने, म्हणजे वखारीतल्या जुन्या कामगाराने, सोडून जायचे बोलून दाखवले. नवरा जेवेना. तेव्हा तिने करवत्याला गाठून पगारातले पैसे त्याच्या हातात दिले: गल्ल्यात टाका आणि सांगा, अमक्यानं पाठवले. एकदाच. त्या रात्री नवरा पोटभर जेवला आणि झोपेत हसला.

पुढच्या महिन्यात पुन्हा एकदाच. मग थोरल्याला धंदा जमतोय असे वाटू लागले आणि त्याने आईला द्यायची रक्कम वाढवली. म्हणून तिने पाळ्या वाढवल्या. त्याचा आत्मविश्वास वाढला की हिचा ओव्हरटाइम वाढे. पैसे तिच्या हातातून करवत्याच्या हातात जात, तिथून गल्ल्यात, गल्ल्यातून थोरल्याच्या खिशात, खिशातून पहिल्या तारखेला सासूच्या हातात आणि सासूच्या हातातून परत स्वयंपाकघरात. वाटेत प्रत्येक ठिकाणी कुणाचे तरी कौतुक होई. फक्त जिथून निघत तिथे होत नसे, आणि तिला ते नको होते. तिला कौतुक त्याचेच हवे होते.

पण घर त्या हिशेबात कधी नव्हते.

“आई, सही करू नका,” ती म्हणाली.

पेन थांबले. आईचे पहिलेच अक्षर पुरे झाले होते.

“आता तुझं काय?” आक्का म्हणाली.

थोरली नवऱ्याकडे वळली. “अहो, कर्ज फिटायचं नाही. वखारीत तेवढं येत नाही.”

“तुला काय माहीत वखारीत काय येतं?”

“गल्ल्यात मी टाकत होते.”

कुणाला अर्थ लागला नाही. थोरल्याला तर मुळीच नाही. तो अजून थोडासा हसतच होता, माफीनंतरचे हसू.

“कंत्राटदारानं बाकांचे पैसे पाठवले नव्हते,” ती म्हणाली. “ते माझे होते. मी करवत्याकाकांना सांगितलं होतं तसं म्हणायला. त्यांना बोल लावू नका, ते नाही म्हणत होते. वीटभट्टीवाल्याचे आले तेही माझे. दिवाणखाना सजवणाऱ्याचे… त्याचे अर्धे त्याचे होते.”

थोरल्याने एकेक नाव विचारायला सुरुवात केली. सुतारशाळेचे? माझे. पुलाच्या फळ्यांचे? माझे. ज्या वसुलीसाठी तो स्वतः तीन वेळा गेला होता, जिच्यावर त्याने भावाला अर्धा तास व्याख्यान दिले होते, ती? तीही. प्रत्येक उत्तराला ती तितक्याच हळू आवाजात ‘माझे’ म्हणत होती, आणि हा शब्द इतक्या वेळा तिने आयुष्यात कशासाठीच उच्चारला नव्हता.

“मी त्या सगळ्यांची नावं खोडली,” तो म्हणाला. “बाकी चुकती म्हणून.”

“हो.”

“कंत्राटदाराचे रस्त्यात मी आभार मानले. हिशेब चुकता केलात म्हणून.”

“मग काय म्हणाला तो?” धाकट्याने नकळत विचारले.

“काही नाही. जरा विचार केला आणि मान हलवली.” थोरल्याने तोंडावरून हात फिरवला. “त्यानंतर वखारीकडे फिरकला नाही.”

आक्काला हसू आले आणि ते दाबताना खोकला आला. इतर कुणी हसले नाही.

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही जेवत होता.”

त्याला हे उत्तर कळले नाही. धाकटीला कळले. अठ्ठावन्न बियांसाठी तिच्याकडे बरणीच नव्हती. विचारून गेलेले नव्हते, न विचारताही गेलेले नव्हते. बाईने स्वतः उठून, स्वतःच्या हाताने, पाठ फिरवून दिलेले. आकडा बरोबर निघाला होता, आणि तरी तिने जे मांडले ते चूक होते.

“ताई, त्या दिवशी बोलला असतात तर,” ती म्हणाली.

“यांच्याबद्दल? वीस जणींसमोर?” थोरलीने तिच्याकडे पाहिले. “तू ओतलंस तेव्हा मला बरंच वाटलं बघ. लोक म्हणतील, घेतो. घेतो म्हटलं तर निदान माणूस कडक वाटतो.”

आईने पेनाला टोपण लावले. तिने पंख्याकडे पाहिले नाही, पण तिची मान वर जायला लागली होती आणि तिने ती मध्येच थांबवली, हे सगळ्यांना दिसले. मग ती धाकट्याला म्हणाली, “तू बस रे. दारात का उभा?” धाकटा बसला. तो भावाशेजारी बसला, आणि वर्षानुवर्षे ऐकलेले सगळे परत द्यायची संधी समोर असताना तो एवढेच म्हणाला, “दादा, चहा गार होतोय.”

*

फूटपट्टी ठरल्या वेळी आला. बसायच्या आधी त्याने दाराची चौकट मोजली.

“हं. काय म्हणतात तुमच्या बाई?”

धाकटी पुढे झाली. थोरल्याने हात आडवा धरला.

“तिनं काही म्हणायचं नाही,” तो म्हणाला. “बिया बरोबर होत्या. मी घेतले नव्हते, पण वखार त्याच्यावरच चालली होती. मला माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हतं?” फूटपट्टीने पट्टीची घडी घातली. “धंदा तुमचा ना?”

“तेच सांगतोय. मला माहीत नव्हतं.”

थोरली आतल्या दारात उभी होती. हे वाक्य बाहेरच्या माणसासमोर त्याला दोनदा म्हणावे लागले. ते त्याला एकदाही म्हणावे लागू नये, यासाठी तिचे एवढ्या वर्षांचे पगार गेले होते.

व्यापाऱ्याने चहा घेतला, जामिनाचा विषय काढला नाही आणि जाताना जुने यंत्र भंगारात द्यायचे असल्यास पहिल्यांदा आपल्याला विचारा, असे सांगितले. मग उंबरठ्यावर थांबून म्हणाला, “माझ्याकडे करवतीवर माणूस हवाय. तुम्हाला लाकूड कळतं. गिऱ्हाईक कळत नाही, ते मी बघतो.”

आक्का म्हणाली, “अपमान करतो का हा?” थोरला पगार किती, हे विचारत होता.

*

वखार महिन्याभरात बंद झाली. करवत्या आपल्या मुलीकडे राहायला गेला. जाण्याआधी थोरल्याला भेटायला आला, आणि दोघे बराच वेळ भुश्शाच्या ढिगाजवळ उभे राहिले, बोलले लाकडाबद्दलच.

वखार बंद व्हायच्या आधीच एका शनिवारी धाकटीने बायकांना सांगून टाकले, की तिने पाचवी बरणी चुकीची भरली होती. दुसरीच्या बियांना आपण हात लावायला नको होता, आणि यापुढे इथे कुणीच कुणाच्या लावणार नाही. ते पैसे कुठे गेले ते तिने सांगितले नाही. ते सांगायचे तर जावेने सांगावे. बायकांनी ऐकून घेतले. मग स्वयंपाकीण उठली, बरणीतून आपल्या बिया मोजून काढल्या आणि म्हणाली, “माझंही चुकलंच असेल.” तिच्या मागे आणखी तिघी. त्यांची चूक नव्हती, हे त्यांना माहीत होते आणि धाकटीलाही. पण माघार घ्यायला वाट मिळाली होती. पुढच्या आठवड्यापासून त्या चौघी पगार घेऊन सरळ घरी जाऊ लागल्या. फळे निवडणारी मात्र जागची हलली नाही. “माझ्या तिथंच राहू देत,” ती म्हणाली. “माझ्या कुठं गेल्या ते मला चांगलं ठाऊक आहे.” तेवढ्यावर तास चालू राहिला.

तर कुणाचे काय गेले? कंत्राटदाराचे काहीच गेले नाही. त्याला बाकांचे लाकूड फुकट पडले. फूटपट्टीचे एक कप चहाइतकेही नाही. आक्काचे जाण्यायेण्याचे भाडे. आईचे घर राहिले, पण पहिल्या तारखेला शेजाऱ्यांना सांगायला काही राहिले नाही. ती आता धाकट्याच्या पैशांबद्दल बोलू बघते आणि ऐकणाऱ्याला ते नवीन वाटते. धाकटीच्या चार बायका गेल्या. थोरल्याची वखार गेली, आणि तो बायकोचे ऋण निमूटपणे फेडतो. शनिवारी फूटपट्टीकडून मिळालेला पगार आणून फळीवर ठेवतो.

हंगाम संपताना कारखान्याने बोनस दिला. थोरलीने पाकीट त्याच्या पगाराशेजारी फळीवर ठेवले.

“हे कुठून आलं?”

“बोनस.”

“कुणी दिला?”

“कारखान्यानं. सगळ्यांना दिलाय.”

त्याने पाकीट उघडले नाही. “बरं,” म्हणाला आणि जेवायला बसला.

दोन दिवसांनी ती काट्यावर असताना हजेरीचा कारकून जवळ आला. “काल तुमचे यजमान आले होते फाटकाशी,” तो म्हणाला. “विचारत होते, यंदा खरंच बोनस वाटला का. काही घोटाळा झालाय का?”

थोरलीने काट्यावरचा क्रेट उचलून खाली ठेवला.

“नाही हो. मीच पाठवलं होतं त्यांना,” ती म्हणाली. “आकडा नीट विचारून या म्हटलं. मला जरा कमी वाटत होता.”

कारकुनाला पटले; नवऱ्याची शंका तिने आपल्या नावावर घेतली होती. बाकी सगळ्यांचे फेडून झाले होते. हिचे अजून जातच होते.